आधी दार मोजा, मग स्टेशन बांधा
(मंडळाच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या अंगणात पातालपानी ते कालाकुंड हा मीटरगेजचा घाट छोट्या रूपात उभा करायचा, असा विचार चालला आहे. रूळ अंगणातल्या मातीवरच टाकायचे, गाडी खरोखर धावेल, आणि वाटेत दोन स्टेशने, एक पूल, एक बोगदा असेल. युरोप-अमेरिकेत अशी बागेतली रेल्वे घरोघरच्या हौशी मंडळींनी केलेली असते. आपल्याकडे ती नवी आहे. त्यामुळे आम्ही पाच-सहा सभासद गेले काही महिने या विषयाचा अभ्यास करत आहोत. त्यातला एकच मुद्दा आज आपल्यापुढे मांडतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. हा मुद्दा म्हणजे गेज आणि स्केल. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. गाडी व्यवस्थित धावते, पण शेजारचे स्टेशन खोटे दिसते. का खोटे दिसते, ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. एवढेच जाणवते की काहीतरी चुकले आहे.

गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचे, बस्स. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान केली ते प्रमाण. गेज फक्त रुळांना असते. स्केल मात्र सगळ्यांना असते: इंजिन, डबा, फलाट, दार, खिडकी, बाक, पाण्याचे मडके आणि मडक्यापाशी उभा माणूस.

गेज ही गोष्ट आपल्या लोकांना समजावून सांगावी लागू नये, कारण आपल्या तीन मराठी संस्थानांत तीन गेज नांदली. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची रेल्वे झाली, आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या काळात दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची रेल्वे वाढली. ती पुढे श्योपूरपर्यंत पोचली. आणि आपल्या इंदूरला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोट रुपये एकशे एक वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ देऊ केले, आणि खंडव्याहून मीटरगेज आली. तिकडे मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली ती साडेपाच फुटी ब्रॉडगेजवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर. बडोद्याची मावशी, ग्वाल्हेरचे काका आणि इंदूरचे आपण, प्रत्येकाच्या मनातली लहानपणची गाडी वेगवेगळ्या रुंदीची आहे.

आता यातली कुठलीही गाडी बागेत आणायची तर रूळ कोणते घ्यायचे? बाजारात बागेसाठी मुख्यतः दोनच गेजचे रूळ मिळतात: ४५ मिलिमीटर आणि ३२ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या जगात गेज पुष्कळ आणि खेळण्याच्या जगात दोन. मग निरनिराळ्या देशांतल्या कारखानदारांनी त्याच दोन रुळांवर निरनिराळ्या स्केलच्या गाड्या बसवल्या. घोटाळ्याचे मूळ हे आहे.

थोडा इतिहास सांगतो. खेळण्यातल्या रुळांना क्रमांक देण्याची पद्धत जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आणली. त्यातला 'एक' क्रमांक म्हणजे ४५ मिलिमीटरचा रूळ. युरोपातला स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचा. १४३५ ला ४५ ने भागले की उत्तर येते जवळजवळ बत्तीस. म्हणून त्या रुळावरची गाडी एकास बत्तीस या स्केलची. इथपर्यंत सगळे सरळ होते.

१९६८ मध्ये न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने बागेत ठेवता येईल अशी दणकट गाडी बाजारात आणली. तिचे नाव एलजीबी, म्हणजे 'लेहमान ग्रोस बान', लेहमानची मोठी रेल्वे. त्यांनी रूळ तोच ४५ मिलिमीटरचा ठेवला, पण तो स्टँडर्ड गेज न मानता मीटरगेज मानला. १००० ला ४५ ने भागा, उत्तर सव्वाबावीसच्या आसपास येते. म्हणून त्यांची स्केल ठरली एकास साडेबावीस. इमारती, माणसे, झाडे सगळे साडेबावीस पट लहान. गंमत अशी की त्यांचे सगळ्यात गाजलेले छोटे इंजिन 'श्टाइन्झ' हे ऑस्ट्रियातल्या ज्या इंजिनावरून घेतले, ते मीटरगेजचे नव्हतेच. ते ७६० मिलिमीटरच्या रुळांवर धावणारे होते. साडेबावीसच्या हिशोबाने त्याला ३४ मिलिमीटरचा रूळ लागला असता. बसवले ४५ वर. म्हणजे या घोटाळ्याचे बारसे पहिल्याच पिढीत झाले.

पुढे अमेरिकेत त्याच ४५ च्या रुळावर तीन फुटी नॅरोगेजच्या गाड्या आल्या, त्या एकास वीस पूर्णांक तीन दशांश स्केलच्या. कोणी एकास चोवीस केल्या. कोणी स्टँडर्ड गेजची मोठी इंजिने भरीव दिसावीत म्हणून एकास एकोणतीस केली. हिशोबाने त्यांना साडेएकोणपन्नास मिलिमीटरचा रूळ हवा, पण धावतात ४५ वर. आणि या सगळ्यांना दुकानदार एकच नाव देतात: 'जी'. खोक्यावर 'जी' लिहिलेले असले तर त्यावरून एवढेच कळते की गाडी ४५ च्या रुळावर धावेल. ती किती पटीने लहान आहे, ते त्या अक्षरातून कळत नाही.

आपल्याला याची झळ कशी लागेल ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेक घरांतली मुले बाहेर आहेत. मंडळाने नुसते सांगितले की 'जी'चे सामान आणा, तर म्युनिकहून येणारा मुलगा एकास साडेबावीसचे इंजिन आणील, न्यू जर्सीहून येणारी मुलगी एकास एकोणतीसचा डबा आणील, पुण्याचा भाचा बाहुलीघराचे एकास चोवीसचे फर्निचर पाठवील, आणि घरातली मोटारगाडी एकास अठराची निघेल. सगळे प्रेमाने आलेले, सगळे महाग, आणि रुळावर ठेवले तर सगळे धावणारेसुद्धा. पण इंजिन, डबा, बाक आणि मोटार ही चार वेगळ्या गावची माणसे एका पंगतीला बसवल्यासारखी दिसतील. त्यात तयार इमारतींचे संच आले की भर पडते. संचावरही 'जी' असते. कोणता संच साडेबावीसचा, कोणता चोवीसचा, आणि लांबी-रुंदी तर जागा वाचावी म्हणून मुद्दाम आखूड केलेली.

मग ओळखायचे कसे? आम्ही शोधून शोधून एका साध्या गोष्टीवर आलो, ती म्हणजे दार. इमारतीची लांबी कितीही असू शकते, उंची कितीही असू शकते. पण दार माणसाच्या मापाने बांधलेले असते. साधारण सात फूट, म्हणजे २.१ मीटर धरू. हे दार एकास बत्तीसमध्ये ६६ मिलिमीटर उंच येते. एकास एकोणतीसमध्ये ७२. एकास चोवीसमध्ये ८७ किंवा ८८. एकास साडेबावीसमध्ये ९३. एकास वीस पूर्णांक तीनमध्ये १०३. म्हणजे एकाच 'जी'च्या नावाखाली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दारात साडेतीन सेंटिमीटरहून जास्त फरक. बत्तीसच्या स्टेशनाशेजारी साडेबावीसचा प्रवासी उभा केला, तर त्याला वाकून, टोपी काढून तिकीट घरात शिरावे लागेल. मोठी माणसे हे पाहून गप्प बसतात. पाच वर्षांची मुलगी मात्र लगेच विचारील, "आजोबा, हा आत कसा जाणार?" तिच्या प्रश्नाला उत्तर असले पाहिजे.

दुसरी खूण रुळांची. साडेपाच फुटांचा माणूस धरा. योगायोग असा की साडेपाच फूट म्हणजेच १६७६ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजची रुंदी. म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये हा माणूस आडवा अगदी बरोबर मावतो. मीटरगेजवर तोच माणूस रुळांच्या अंतराच्या पावणेदोन पटीला थोडा कमी भरतो. तेव्हा ४५ च्या रुळावर मीटरगेज दाखवायचे असेल तर छोटा माणूस ७५ मिलिमीटरचा हवा. रुळांवर आडवा ठेवला की दोन्ही बाजूंना मिळून तीन सेंटिमीटर बाहेर यायला हवा. कमी आला तर माणूस दुसऱ्या स्केलचा. ही परीक्षा दुकानातसुद्धा करता येते, गणित लागत नाही.

याच हिशोबाने बाकीच्या दोन संस्थानांचेही उत्तर निघते, आणि ते सांगायला हवे, कारण ही स्मरणिका बडोद्याला आणि ग्वाल्हेरलाही जाते. तिथल्या मंडळींनी आपली गाडी करायची ठरवली, तर ३२ मिलिमीटरचा रूळ घ्यावा. बडोद्याच्या ७६२ ला ३२ ने भागले की जवळजवळ चोवीस येते. म्हणजे एकास चोवीसची बाहुलीघरे आणि मोटारी तिथे चालतील. ग्वाल्हेरच्या ६१० ला ३२ ने भागले की एकोणीस येते. इंग्लंडमध्ये या एकास एकोणीसच्या स्केलला मोठा चाहतावर्ग आहे, आणि आपल्या माथेरानची १९०७ ची गाडीही याच दोन फुटी मापाची. त्या स्केलमध्ये स्टेशनाचे दार ११० मिलिमीटर उंच करावे. रूळ आपल्यापेक्षा अरुंद आणि दार आपल्यापेक्षा उंच, असे उलटे दिसेल, पण बरोबर तेच आहे. गेजवरून इमारतीचा अंदाज बांधू नये, तो यासाठी.

आता कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशाला? दिवाळीत आपण किल्ला करतोच की. किल्ल्यात महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, मावळा दरवाजात मावत नाही, आणि शेजारी प्लास्टिकचा वाघ हत्तीएवढा. कोणाचे काही अडत नाही. खरे आहे. पण किल्ल्यातले माप हे मानाचे माप आहे. महाराज मोठेच दिसले पाहिजेत, ते सिंहासनावर आहेत. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची गाडी आहे. तिचे काम पाहुण्यांपुढे बाटल्या फिरवण्याचे, म्हणून तिचे डबे खऱ्या बाटल्यांच्या मापाचे. तिला कोणी स्केल विचारत नाही, विचारूही नये. आपले काम वेगळे आहे. इंदूरच्या स्टेशनावरून मीटरगेज गेली. महूच्या पुढचा घाट तेवढा उरला; २०१८ च्या डिसेंबरपासून पातालपानी-कालाकुंड टप्प्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली, म्हणून तो डोळ्यांना दिसतो तरी. तिकडे ग्वाल्हेरची छोटी गाडी २०२० पासून बंद आहे. आज जी मुले पाच-सात वर्षांची आहेत, त्यांना मीटरगेजची गाडी केवढी होती, तिचा डबा ब्रॉडगेजच्या डब्यापेक्षा किती अरुंद होता, फलाटावरून पाय किती उचलावा लागे, हे कळायला दुसरी जागा राहणार नाही. आपले अंगण ही ती जागा. तिथे चुकीचे माप ठेवले तर मुले तेच खरे मानून घरी जातील, आणि दुरुस्त करायला आपण असणार नाही.

म्हणून आम्ही असे सुचवतो. आधी गाडी ठरली आहे: मीटरगेज. रूळ ठरला: ४५ मिलिमीटर. त्यावरून स्केल आपोआप ठरली: एकास साडेबावीस. युरोपातल्या काटेकोर भाषेत या जोडीला 'दोन-एम' म्हणतात. सामान मागवताना 'जी' न म्हणता हे नाव आणि साडेबावीस हा आकडा, दोन्ही सांगावे. आपल्या कारागिरांसाठी सोपा हिशोब असा: खरा एक फूट म्हणजे इथे साडेतेरा मिलिमीटर. नऊ इंची वीट दहा मिलिमीटरची. मंगलोरी कौल सुमारे अठरा मिलिमीटर लांब आणि दहा रुंद. पन्हाळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधले अंतर तीन मिलिमीटरच्या किंचित वर. ही चार मापे सांभाळली तर भिंत आणि छप्पर आपसूक खरे दिसू लागते.

स्टेशनाच्या इमारती तयार विकत घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. बव्हेरियातल्या खेड्याचे स्टेशन सुंदर असेल, पण त्याच्या उतरत्या छपरावर बर्फ पडतो. आपल्याकडे कालाकुंडला लोक कलाकंदासाठी उतरतात. ते स्टेशन आपणच करावे. त्यासाठी दोन तुकड्या तिथे जाऊन मोजपट्टीने मापे घेतील. जिथे मोजता येणार नाही तिथे भिंतीला एक मीटरची काठी टेकवून समोरून फोटो काढायचा. मग फोटोवरून उरलेली मापे काढता येतात. विटांची भिंत असेल तर थर मोजावेत. सांध्यासह एक थर तीन इंचांचा धरला तर चार थरांना एक फूट.

इमारत लांब असेल तर ती पूर्ण करण्याइतकी जागा आपल्याकडे नाही. तीस मीटरची इमारत साडेबावीसच्या हिशोबानेही एक मीटर तेहेतीस सेंटिमीटर होते. अशा वेळी लांबी कमी करायला हरकत नाही. सहा खिडक्यांच्या जागी चार कराव्यात. पण खिडकी लहान करू नये, दार लहान करू नये, बाक आणि तिकीट खिडकी लहान करू नये. माणसाचा हात, पाय, डोके जिथे लागते ते सगळे पूर्ण मापाचे. उरलेल्यात काटछाट चालेल. मागच्या बाजूला डोंगरावरची वस्ती दूर दिसावी म्हणून मुद्दाम लहान स्केलची घरे ठेवता येतील, मात्र ती रुळांपासून लांब आणि त्यांच्याजवळ साडेसात सेंटिमीटरचा माणूस नको.

फलाट सरळ रुळावर घ्यावा. बागेतल्या रुळाचे सगळ्यात तीव्र वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खऱ्या हिशोबात ते साडेतेरा मीटर झाले. एवढ्यात कुठली खरी गाडी वळणार? वळणावर लांब डब्याचे टोक बाहेर झुकते आणि मध्य आत येतो. तिथे फलाट किंवा बोगद्याचे तोंड मापाने केले तरी डबा घासेल. आपला सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत नेऊन, बाजूला खडू धरून रेघ काढायची, आणि बांधकाम त्या रेघेच्या बाहेर करायचे. घाटाचा चढ मात्र आहे तसाच घेता येईल. चाळीसात एक हा चढ कुठल्याही स्केलमध्ये चाळीसात एकच राहतो; चार मीटर रुळाला दहा सेंटिमीटर उंची.

झाडांचे भान ठेवावे. तुळशीचे तीन सेंटिमीटरचे पान त्या छोट्या प्रवाशाच्या दृष्टीने दोन फुटांहून मोठे. स्टेशनाजवळ बारीक पानांचीच झाडे लावावीत. दूर्वा मात्र भरपूर लावाव्यात; रुळांकडेला त्या उंच गवतासारख्या शोभतील.

राहिला प्रश्न श्रींच्या मूर्तीचा. एक फुटाची मूर्ती या स्केलमध्ये साडेबावीस फुटांची होते. ती स्टेशनाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवली तर गाव खेळण्याचे वाटेल. मूर्तीला स्केल लावायचीच नाही. तिचा चौरंग वेगळा, मधे मोकळी जागा, आणि आरास तिच्या पायाशी. तिथे मानाचे माप, इथे मोजलेले माप. दोन्ही आपापल्या जागी नीट राहतील.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो. या भाषणानंतर प्रत्येक घरी एक पुठ्ठ्याची पट्टी दिली जाईल, ९३ मिलिमीटरची, आणि तिच्यावर ७५ मिलिमीटरवर एक खूण. दाराला पट्टी, माणसाला खूण. मुलांना परदेशातून काही आणायला सांगायचे असेल तर ही दोन मापे कळवा. मातीची माणसे आपला कुंभारच करून देईल. त्याला खुणेपर्यंतचीच करायला सांगा, फेटा वेगळा.

आणि ज्यांच्या घरी पातालपानी, कालाकुंड, महू किंवा जुन्या इंदूर स्टेशनाचे फोटो असतील, लग्नाच्या वऱ्हाडाचे असोत, सहलीचे असोत, बदलीच्या निरोपाचे असोत, त्यांनी ते मंडळात आणून दाखवावेत. आम्ही प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत करू. फोटोत आपले आजोबा दारात उभे असतील तर फारच चांगले. त्यांची उंची घरच्यांना माहीत असते, आणि त्यावरून ते दार किती उंच होते, ते आम्हाला काढता येईल.

गणपती बाप्पा मोरया.